दूध भरून छाती घट्ट झाली, गाठ लागतेय : मालिश करावी का, आणि कशी?

मृण्मयी_प

बाळ आठवडाभराचं आहे, पहिलंच. तिसऱ्या दिवसानंतर दूध एकदम उतरलं आणि तेव्हापासून दोन्ही बाजू घट्ट, चकचकीत, गरम. डावीकडे काखेच्या अंगाला गाठ लागते, नुसता हात लावला तरी ठणकते. ताप नाही. बाळ तोंड लावायला बघतं, पण स्तनाग्राभोवतीचा काळा भाग इतका ताणलाय की त्याच्या तोंडात तो मावतच नाही. घसरतं, चिडतं, रडतं. मग मीही रडते.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, गरम शेक घे आणि जोरात चोळून गाठ फोडून टाक. दुसरा म्हणतो, हात लावू नकोस, आपोआप उतरेल. व्हिडिओ बघावेत तर कुणी कंगवा फिरवतंय, कुणी इलेक्ट्रिक टूथब्रश! मालिशनं खरंच फरक पडतो का? पडत असेल तर किती जोर, कुठून कुठे, पाजण्याआधी की नंतर? कृपया अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

कांचनमाला

अगं घाबरू नकोस, सगळ्यांनाच होतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत झालं होतं. कढत पाण्याचा शेक घ्यायचा आणि गाठ हाताखाली विरेपर्यंत अंगठ्यानं दाबून चोळायची. दुखतं खूप, पण दुखल्याशिवाय ती जात नाही. दात-ओठ खाऊन कर एकदा, मोकळी होशील.

रेवा७

बापरे. वाचूनच कळ आली.

बकुळ

मृण्मयी, आधी अभिनंदन! मी बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. जरा सविस्तर लिहिते.

कांचनकाकू, तुम्ही काळजीपोटीच सांगताय हे कळतं, पण जोरात चोळणं हेच नेमकं टाळायचं असतं. छाती भरून येते ती फक्त दुधानं नाही. दूध तयार व्हायला लागलं की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि पेशींच्या मधल्या जागेत पाणी साचतं. बाळंतपणात सलाईन बरंच चढवलं असेल तर ही सूज आणखी जास्त. ती बाहेरून दुधाच्या नळ्यांवर दाबते, नळ्या आवळल्या जातात, आणि दूध असूनही बाहेर येत नाही. म्हणजे हाताला जी गाठ लागते ती बहुतेक वेळा नळीत अडकलेला दुधाचा खडा नसते, सुजलेला भाग असतो. तिथे फोडण्यासारखं काही नसतंच! अंगठ्यानं रगडलं की बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, सूज वाढते, नळ्या अजून आवळतात. नळ्या तशाही त्वचेच्या बऱ्याच जवळ असतात आणि सहज दबतात. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी करून हे दाखवलंय.

अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन ही या विषयात काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. त्यांनी २०२२ मध्ये स्तनदाहाची (म्हणजे स्तनाला सूज, लाली येऊन दुखणं, त्याची) मार्गदर्शिका नव्यानं लिहिली. त्यात खोल मालिश करू नका असं स्पष्ट म्हटलंय, आणि इलेक्ट्रिक टूथब्रश किंवा कंप पावणारी उपकरणंही नकोत म्हणून सांगितलंय. तेव्हा तो टूथब्रश दातांसाठीच राहू दे.

आता तुझ्यासाठी सगळ्यात आधी काय, तर गाठ बाजूला ठेव. बाळाला पकड मिळत नाहीये हा मोठा प्रश्न आहे, आणि तो सुटला की अर्धं काम बाळच करेल. पाजायच्या अगदी आधी पाठीवर आडवी हो किंवा मागे रेलून बस. हात धुतलेले, नखं कापलेली. दोन्ही हातांची बोटं स्तनाग्राच्या अगदी बुडाशी दोन बाजूंना टेकव आणि सरळ आत, छातीच्या पिंजऱ्याच्या दिशेनं दाब. चिमटा नाही, ओढणं नाही, नुसता स्थिर दाब. साधारण मिनिटभर धरून ठेव, सूज जास्त असेल तर दोन-तीन मिनिटं. मग बोटं फिरवून वर-खाली ठेव आणि पुन्हा तसंच. बोटं उचललीस की तिथे खळ्या पडलेल्या दिसतील. तेवढ्या भागातलं पाणी मागे सरकतं, काळा भाग मऊ होतो आणि बाळाला तोंडभर धरता येतं. दुखायला लागलं तर दाब कमी कर. ही रीत जीन कॉटरमन या अमेरिकन परिचारिकेनं मांडली. गंमत म्हणजे या दाबानं बऱ्याचदा पान्हाही फुटतो, त्यामुळे बाळाला जवळ घेऊनच बस, नाहीतर कपडे भिजतील.

मऊ झाल्या झाल्या लगेच पाजायचं. वेळ गेला की सूज परत पुढे येते.

मृण्मयी_प

बकुळताई, खूप खूप आभार. आत्ता करून बघते. पण मग मालिश अजिबातच नाही का?

बकुळ

आहे ना, पण ती मालिश म्हणवतही नाही इतकी हलकी. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावरून आपण हात फिरवतो ना, तेवढाच भार. त्वचा किंचित सरकली पाहिजे, आतलं मांस दबता कामा नये. कारण ज्या लसिकावाहिन्यांमधून हे साचलेलं पाणी निघून जायचं असतं त्यातल्या बऱ्याच अगदी त्वचेखालीच असतात. जोरानं दाबलं तर त्याच बंद होतात.

दिशा नीट समजून घे, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. दूध काढायचं म्हणून आपण सगळे मागून पुढे, स्तनाग्राकडे चोळतो. सूज उतरवायची तर उलट जायचं : स्तनाग्रापासून काखेकडे, आणि वरच्या भागात गळ्याखालच्या आडव्या हाडाकडे. स्तनातली बहुतेक लसिका, म्हणजे हेच साचलेलं पाणी, काखेतल्या लसिकाग्रंथींकडे जाते, म्हणून आधी वाट मोकळी करायची. गळ्याखालच्या हाडाच्या वरच्या खळगीत बोटांच्या टोकांनी दहाएक छोटी वर्तुळं, मग काखेत तशीच दहाएक, आणि मग स्तनावरून हलके हात. मागे रेलून किंवा आडवं होऊन केलं तर सूज उतरायला मदत होते. पाच-दहा मिनिटं पुरे. पाजण्याआधी केलंस तर बाळाला सोपं जाईल, मधल्या वेळात ठणका लागला तर तेव्हाही चालेल.

पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेला थंड शेक, दहा-पंधरा मिनिटं. गरम शेकाचं असं आहे की पाजण्याआधी थोडा वेळ कोमट घेतला तर बऱ्याच जणींना बरं वाटतं, दूध वाहायला लागतं. पण कढत शेक तासन्‌तास दिला तर रक्तपुरवठा आणि सूज दोन्ही वाढतात.

कांचनमाला

मी सांगितलं ते आमच्या वेळी सगळेच करायचे. बरं, नवं असेल तसं करा. पण मग माझी गाठ गेली ती कशी?

बकुळ

काकू, बाळ पीत होतं ना? अशा गाठी एक-दोन दिवसांत बहुतेक वेळा आपल्या आपण उतरतात. चोळूनही उतरतात, न चोळताही. चोळलेल्या जागी मागाहून लाली आणि ताप आलेल्या बायका मी वॉर्डात पाहते, म्हणून एवढं बोलले.

चिकित्सक

प्रश्न उद्धट वाटला तर माफ करा. जोरात चोळण्याविरुद्ध जे सांगितलं ते पटलं. पण हलकी मालिश उपयोगी पडते याला पुरावा काय? की तेही 'सगळे करतात म्हणून'?

बकुळ

उद्धट कसला, विचारायलाच हवं. अमेरिकेत ओहायोमधल्या एका स्तनपान क्लिनिकमध्ये हलकी मालिश आणि हातानं दूध काढणं आलटून-पालटून केलं, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांचा ठणका त्याच भेटीत लक्षणीय उतरला होता. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्तनांच्या मालिशीवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. त्यांचाही निष्कर्ष असाच, की मालिशीनं लगेचचा ठणका कमी होतो. पण त्यांनी हेही नोंदवलं की प्रत्येक अभ्यासातली पद्धत वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी मालिश करणारी माणसं खास प्रशिक्षण घेतलेली. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था आहे, तिचा छाती भरून येण्यावरच्या उपायांचा आढावा २०२० चा आहे. त्यात तर बहुतेक सगळ्याच उपायांचा पुरावा कच्चा म्हटलाय.

तेव्हा मी वॉर्डात असं सांगते : ठणका कमी होईल, आराम पडेल. दूध वाढेल, गाठ हमखास जाईल, असलं वचन मालिशीच्या नावावर कुणी देत असेल तर देऊ नये.

चिकित्सक

इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. धन्यवाद.

आरोही_आणि_पिल्लू

मला वाटतं मृण्मयीनं पंप आणून दोन्ही बाजू पूर्ण रिकाम्या केल्या तर प्रश्नच मिटेल ना? मी तेच करते, दर दोन तासांनी. तरी मला सारख्या गाठी येतातच, आणि दूध तर इतकं होतं की फ्रीजर भरलाय.

बकुळ

आरोही, तुझ्या प्रश्नातच तुझं उत्तर आहे बघ! जितकं काढशील तितकं शरीर बनवतं. बाळाच्या भुकेपेक्षा जास्त काढत राहिलं की शरीराला वाटतं जुळी आहेत. मग दूध वाढतं, पुन्हा भरतं, पुन्हा गाठी. आणि 'पूर्ण रिकामं' असं काही नसतंच, काढता काढताही दूध तयार होतच असतं. एकदम थांबवू नकोस, त्यानं अजून तुंबेल. पंपाची एखादी वेळ थोडी लांबव, किंवा दर वेळी जरा कमी काढ, काही दिवसांत हळूहळू उतरव. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पितं, तोच हिशेब शरीराला कळू दे.

भरलेल्या छातीला आराम म्हणून काढायचंच असेल तर हातानं थोडंसं, ताण सैल होईपर्यंत. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेच्या जरा मागे. आधी आत छातीकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं त्वचेवरून घसरवायची नाहीत, नाहीतर सालटं निघतात.

आणि तुझ्या पंपाच्या तोंडाचं माप एकदा तपास. चुकीच्या मापानं स्तनाग्र घासतं आणि काळा भाग सुजतो.

आरोही_आणि_पिल्लू

माप?! ते निरनिराळं असतं हेच माहीत नव्हतं.

अनुष्का_र

मला वेगळाच प्रश्न आहे. माझं बाळ वेळेच्या बरंच आधी झालं, काचेच्या पेटीत आहे. तोंडानं पीत नाही अजून, मी पंपानं काढते आणि ते नळीतून देतात. दूध अगदीच कमी येतं. वर लिहिलंय की मालिशीनं दूध वाढत नाही. मग माझ्यासाठी काहीच नाही का?

बकुळ

अनुष्का, तुझं प्रकरण वेगळं आहे गं, वरचं वाक्य तुला लागू करू नकोस. तुझ्या बाबतीत सूज उतरवायची नाही. पंप जेवढं काढतो त्याहून जास्त दूध बाहेर आणायचंय, म्हणजे शरीराला आणखी बनवायचा निरोप जाईल. त्यासाठी हाताची जोड खरोखर उपयोगी पडते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेन मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशाच आयांवर काम प्रसिद्ध केलं. पहिल्या तीन दिवसांत पंपाबरोबर ज्यांनी दिवसातून पाचापेक्षा जास्त वेळा हातानंही दूध काढलं, त्यांचं दूध पुढच्या आठवड्यांत जास्त राहिलं. आणि पंप चालू असताना हातांचा वापर शिकवल्यावर ते आणखी वाढलं.

करायचं असं. आधी मिनिटभर दोन्ही बाजूंना हलका हात फिरव, खांदे सैल सोड. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो आणि ताण, दुखणं, घाई यांनी तो अडतो. म्हणून बाळाचा फोटो किंवा त्याचं कापड जवळ असलं तर हसू नये कुणी. मग दोन्ही बाजूंना एकदम पंप लाव. धार मंदावली की जिथे जड लागतं तिथे तळव्यानं अलगद दाब, धार सुरू झाली की सोड, जागा बदल. पंप झाल्यावर शेवटची दोन-चार मिनिटं हातानं काढ. शेवटचं हे दूध जास्त स्निग्ध असतं, पेटीतल्या बाळाला त्याचा फायदाच.

वॉर्डातल्या नर्सना हातानं काढायचं समोर दाखवायला सांग. वाचून कळतं त्यापेक्षा पाहून पटकन येतं. आणि बाळाला छातीशी उघड्या अंगानं धरू देत असतील तेव्हा सोडू नकोस ती वेळ. त्यानंतर लगेच पंप केलास तर बऱ्याचदा जास्त येतं.

अनुष्का_र

रडू आलं वाचून. आजच विचारते त्यांना.

नवा_बाबा

इथे पुरुषांनी लिहिलं तर चालतं ना? बायकोची हीच अवस्था आहे. मी मालिश करून देऊ का, की मला दुसरंच काही काम आहे?

रेवा७

चालतं हो, या! थंड शेकाची पिशवी वेळेवर आणून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि रात्री बाळ उचलून तिच्याजवळ देणं. एवढं केलंत तरी ती तुमचं नाव घेईल.

बकुळ

रेवानं सांगितलं ते आधी. मालिश तिनं स्वतः केलेली बरी, कारण कुठे किती दुखतं ते फक्त तिला कळतं. ती म्हणाली तरच तुम्ही करा, आणि तुम्हाला 'हे तर काहीच नाही' वाटेल इतकाच भार द्या. पुरुषांचा हात हलका म्हणजे बाईच्या मापानं मध्यम असतो, अनुभवाचे बोल आहेत. पाठ आणि खांदे मात्र खुशाल दाबून द्या. पाजताना बायका आवळून बसतात आणि मान धरते.

मृण्मयी_प

सांगायला आले! स्तनाग्राच्या बुडाशी दाबायचं ते केलं आणि बाळानं खरंच पकडलं. गिळण्याचा आवाज येत होता. उजवी बाजू बरीच मऊ आहे. डावी गाठ अजून आहे, पण लहान वाटते. तेल लावू का हलक्या हातानं करताना? आणि त्या बाजूनं जास्त वेळा पाजू का, म्हणजे लवकर जाईल?

बकुळ

वा! गिळण्याचा आवाज म्हणजे सगळ्यात चांगली बातमी.

तेल थोडं चालेल, हात सरकण्यापुरतं, पण स्तनाग्र आणि काळा भाग सोडून. तिथे लागलं तर बाळाची पकड निसटते, आणि त्याच्या तोंडात कशाला घालायचं? वासाचं काही नको. जास्त वेळा मात्र नको. नेहमीच्या पाळीनं दोन्ही बाजू दे. गाठीच्या बाजूनं ओढून ओढून पाजलं तर तिथलं दूध वाढतं, परत तेच चक्र. ब्रेसियर आधार देणारी असू दे, पण तारेची किंवा रुतणारी नको. पालथी झोपत असशील तर काही दिवस थांब.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पाजताना सहसा चालतं, आयबुप्रोफेन सूजही उतरवतं. किती आणि कधी ते तुझ्या डॉक्टरांना विचार, तुला दुसरा काही त्रास असेल तर त्यांना माहीत असायला हवं.

सुगरणीचा_खोपा

ताप आला तर काय करायचं ते कुणी लिहिलंच नाही. माझ्या बहिणीला काल रात्री थंडी वाजून ३९ सेल्सियस ताप, एका बाजूला त्रिकोणी लाल पट्टा. ती म्हणते मालिश करून बघते आधी.

बकुळ

नको. मालिशीवर वेळ घालवू नका, आजच डॉक्टरकडे. लाल पट्टा, ३८.५ च्या वरचा ताप, अंग मोडून येणं हे स्तनदाहाचं चित्र आहे. सगळ्याच स्तनदाहात जंतू नसतात, नुसत्या सुजेनंही ताप येतो. थंड शेक आणि सुजेच्या औषधानं २४ तासांत उतरतोही. पण हे घरबसल्या ओळखता येत नाही, आणि हिची तब्येत तर तुम्ही सांगताय त्यावरून बरीच बिघडलीये. अँटिबायोटिक लागली तर पाजताना चालणारी देतात, ती पूर्ण घ्यायची.

पाजणं थांबवायचं नाही. वेळेवर जन्मलेल्या निरोगी बाळाला त्या बाजूचं दूध चालतं. एकदम बंद केलं तर तुंबून गळू होण्याचा धोका वाढतो. दुखऱ्या जागी मऊ, पाणी भरल्यासारखा फुगा लागायला लागला तर तो गळू असू शकतो. सोनोग्राफीत कळतं, बऱ्याचदा सुईनं पू काढून भागतं. त्यावर कुणी दाबादाबी केली तर मी तिथे येऊन ओरडेन.

सुगरणीचा_खोपा

निघालो आहोत. बाळ बरोबर घेतलंय.

शर्वरी_के

माझं बाळ आठ महिन्यांचं. एकाच जागी गाठ, दुखत नाही, लाल नाही, पाजल्यावर लहान होत नाही. दोन-तीन आठवडे झाले असतील. वर लिहिलेली हलकी मालिश रोज करतेय, काहीच फरक नाही. करत राहू?

बकुळ

शर्वरी, मालिश थांबव आणि तपासून घे. दुधाच्या सुजेची गाठ दुखते, बदलते, काही दिवसांत जाते. न बदलणारी, न दुखणारी गाठ पाजणाऱ्या बाईचीही सोनोग्राफी करूनच बघायची असते. बऱ्याचदा दूध साठलेली साधी गाठ किंवा जुनीच फायब्रोअ‍ॅडिनोमा (कर्करोग नसलेली गाठ) निघते. पण 'पाजतेय म्हणून असेल' असं म्हणून सोडून द्यायचं नाही. सोनोग्राफीसाठी पाजणं थांबवावं लागत नाही, फक्त तपासणीच्या आधी बाळाला पाजून जा, म्हणजे चित्र स्वच्छ येतं.

शर्वरी_के

अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर म्हणाले तर बायॉप्सी करताना पाजणं बंद करावं लागतं का?

बकुळ

नाही. तिथे गेल्यावर आधी सांग की पाजतेस. सुई घातलेल्या जागेतून क्वचित थोडे दिवस दूध झिरपतं, तेवढंच. पाजणं बंद करायला कुणी सांगितलं तर का ते विचार, आणि गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.